मागची पाखाडी

हरिहर : मग उद्या साडेबाराची खेड गाडी ना? सदूला सांगतो, स्टँडवर रिक्षा लावून ठेवील.

उर्वी : नको. म्हणूनच तर फोन केला, अप्पा. सदूला कळलं की बाजाराला कळलं. मी अलीकडे तिठ्यावर उतरेन.

हरिहर : तिठ्यावर? तिथे तुझ्या स्वागताला म्हशी तेवढ्या असतील.

उर्वी : थट्टा नको. दोन बॅगा घेऊन एकटी दिसले की सुरू होतील, जावईबापू नाही आले? सलिलला कायमचं सोडून आले, हे मला भर बाजारात सांगायचं नाहीये.

हरिहर : वाईट मनाने नाही गो विचारत. दुसरं काय घडतं इथे? परवा गोदाने नवी कढई आणली, तर बघायला चौघी जमल्या.

उर्वी : त्याचसाठी मी अठराव्या वर्षी पळाले तिथून.

हरिहर : बरं. तिठ्यावर येतो मी.

उर्वी : बाजारातून नको. कुठे निघालात, विचारतील. तुम्हाला धड खोटं बोलता येत नाही.

हरिहर : मग काय उडत येऊ?

उर्वी : मागच्या पाखाडीने या, काजूंमधून. तिकडे कोणी फिरकत नाही.

हरिहर : पायऱ्या फार आहेत त्या... येतो, येतो. पुस्तकं आणतेयस?

उर्वी : बरीच.

हरिहर : पिशवी घेऊन येतो. डाळिंब्या भिजत घातल्यायत तुझ्यासाठी.

उर्वी : बरं. ठेवते.

(चौदा दिवसांनंतर. फेब्रुवारी २००१. हरिहरांच्या घराची पडवी. शेजारच्या सगुणाकाकू डबा घेऊन आल्या आहेत.)

सगुणा : खा गो बाय दोन घास. काल तेराव्यालाही पानावर नुसती बसून उठलीस.

उर्वी : खाते, काकू.

सगुणा : मला एक कळत नाही. तीस वर्षं मास्तर बाजारातून जायचे. विठूच्या दुकानात टेकायचे, मग पुढे. त्या दिवशीच पाखाडीला काय होतं? छातीत कळ बाजारात आली असती तर चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं असतं. जनी गुरं शोधत गेली म्हणून दिसले तरी. दोन तास पडून होते, म्हणतात.

उर्वी : डॉक्टर म्हणाले, कदाचित तरीही...

सगुणा : डॉक्टर म्हणणारच. आणि हातात रिकामी पिशवी! काय आणायला निघाले होते, देव जाणे. तुझी गाडी उशिरा आली. मास्तरांना उचलून तिठ्यावर आणलं होतं, ती गर्दी बघून ड्रायव्हरने तिथेच थांबवली, नाहीतर तू आपली स्टँडवर त्यांची वाट बघत बसली असतीस.

उर्वी : हं.

सगुणा : आणि सलिलरावांचं मनाला लावून घेऊ नको.

उर्वी : तुम्हाला कोणी सांगितलं?

सगुणा : तुमचं दोघांचं पटत नाही, हे गणपतीपासून माहितेय सगळ्यांना. विठूचा भाचा पुण्यात तुमच्याच शेजारच्या इमारतीत नाही का? पण मास्तरांपुढे कोणी ब्र काढला नाही. उलट मुद्दाम विचारायचो, जावईबापू बरे आहेत ना? ते म्हणायचे, मजेत. आम्ही म्हणायचो, छान.

उर्वी : सगळ्यांना माहीत होतं...

सगुणा : एवढंसं गाव. जेव गो, उसळ निवतेय.

उर्वी : काकू, राहू दे उसळ. ती पिशवी माझ्या पुस्तकांसाठी होती. पाखाडीने या, असं मीच सांगितलं त्यांना. तुमच्यापैकी कोणी त्यांना बघू नये म्हणून.