मुनिया की बिबळी?

हॅलो? …हो, चिंधाच बोलतोय, पिंपळनेरहून. …अहो, तोताराम नाना! बोला व्याहीबुवा, चाळीसगाव काय म्हणतं? सूनबाई बरी? नात बरी? …रविवारी बारसं? येतो ना, आजोबाला कोण अडवतंय!

…काय? नाव ठरलं? …मुनिया?

…हो, हो, ऐकलं. हिरवी मुनिया. तुमच्या उसात घरटं केलंय, दुर्मिळ पाखरू, फोटो काढायला लांबून माणसं येतात… नाना, हे तुम्ही नात झाली त्या दिवशीच सांगितलं. आधी पाखरू सांगितलं, मग नात झाली म्हणालात!

…जळतो? मी? छे!

अहो, दुर्मिळ तर माझा बिबळापण शे. बांधावरचं झाड. सगळ्या शिवारात एकटा उरलाय. …नाही, गात नाही. पण तुमचं पाखरू रक्त काढून दाखवतं का? परवा एकानं चोरून कुऱ्हाड घातली, तर लालभडक चीक असा वाहिला, की तो बिचारा स्वतःचा रुमाल फाडून झाडाला पट्टी बांधून पळाला! …खोटं? या, पट्टी दाखवतो.

…हो, पाखरांना लोक पिंजऱ्यात कोंडतात, मान्य. माझ्या झाडाला पेल्यात कोंडतात त्याचं काय? शुगर उतरते म्हणून कापून कापून लाकडाचे पेले केले. …तुमच्याकडेही शे, मीच दिला, पडलेल्या फांदीचा. त्यातलं पाणी पिता आणि नाव पाखराचं ठेवता!

…मी सुचवू? …थांबा ना, सुचवतो… बिबळी? …हसू नका. …सूनबाईपण हसतेय? हसा, बठ्ठे हसा. पाखराचं नाव गोड, त्यात तुमचं काय कर्तृत्व?

नाना, खरं सांगू? पोरगी तुमच्या घरी जन्मली, तुमच्या मांडीवर खेळतेय, आता हाकही तुमच्याच पाखराच्या नावानं मारायची. मग तिच्यात आमचं काय उरलं?

…हॅलो? …हे कोण ओरडतंय? …ती? एवढीशी? …अहो, मुनिया कुठली, हा तर आमच्या घराण्याचा गळा! मी ओट्यावरून हाक मारली की साक्रीकडे निघालेली एसटी थांबते! …तुमच्यावर गेली? तुमचा आवाज तर फोनवरही धड येत नाही! …ठेवा, मुनियाच ठेवा. फोन तिच्याजवळ धरा. …आणि तुम्ही मध्ये बोलू नका…

हॅलो? …नाना?

ठेवला! किती जळावं माणसानं!