बावीस जोड आणि एक

मुसुंदा : पुढचा जोड. लिहितो, ‘नकली. किंमत चार हजार फ्रँक.’

लुफुआ : चार हजार! मुसुंदासाहेब, विमा कंपनीनं तुम्हाला किंमत ठरवायला पाठवलंय की माझी उतरवायला? पॅरिसचा माल आहे हा!

न्सोना : मामा, हळू ओरड. छप्पर आधीच डुगडुगतंय.

मुसुंदा : घर सोडून बुटांचा विमा काढणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय.

न्सोना : मी जन्मापासून बघतेय. मागच्या पावसात कडा खचून दरीनं शेजारचं घर गिळलं, तेव्हा हा बूट डोक्यावर घेऊन पळाला. आजीला मागाहून आणलं.

लुफुआ : तिला पाय आहेत. बुटांना कुठायत? साहेब, एकवीस वर्षं दुसऱ्याच्या बंगल्याचं फाटक राखलं. सगळा पगार या डब्यांत आहे. रविवारी हे घालून निघालो की अख्खी बाकोंगो वस्ती वळून बघते. यंदा दरी इथवर आली, तर माझ्याकडं उरलं काय?

मुसुंदा : म्हणून तर बारीक बघतोय. यादीत तेवीस जोड, इथं बावीस. हा डबा रिकामा.

लुफुआ : तो... पॉलिशला गेलाय.

न्सोना : पॉलिशला कसला? तुझा दोस्त ओबँदादा घेऊन गेलाय. कुणाच्या तरी महत्त्वाच्या कामासाठी म्हणे.

लुफुआ : गप गं!

मुसुंदा : उसना दिलाय? मग संपलं. उसना माल असला की अख्खा अर्ज बाद. आणि खरं सांगू? या बावीसांत एकही अस्सल नाही.

लुफुआ : एकही?

मुसुंदा : अस्सल बघायचाय? हा बघा. (पॅन्ट वर ओढून पाय स्टुलावर ठेवतो.) चामडं बघा, शिवण बघा. चार लाखांच्या खाली कोणी हात लावू देणार नाही.

न्सोना : वा! कुठं घेतलेत?

मुसुंदा : पॅरिसला. दुसरीकडं मिळतात का असले?

न्सोना : मग टाचेला हिरवा दोरा कसा?

मुसुंदा : कुठला दोरा?

न्सोना : डाव्या. आतल्या बाजूनं. काळा संपला म्हणून मीच घातला होता, नाताळात. मामा दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी.

लुफुआ : मला वाटलं, माझेच डोळे फिरले. हा तर तेविसावा!

मुसुंदा : ओबँ म्हणाला, मित्राचे आहेत. माझे फाटलेत हो. पहिलीच मोठी तपासणी, चांगलं दिसायला नको? वर कळवू नका. नोकरी जाईल.

न्सोना : नाही कळवत. जोड घरी आला, यादी पुरी झाली. लिहा, तेविसावा, अस्सल, चार लाख. तुमच्याच तोंडचा आकडा. बाकीचे बावीस त्याच दुकानातले आहेत. पुन्हा बघा, आता जरा डोळे उघडून.

मुसुंदा : बघतो, बघतो. हे काढून ठेवू का?

न्सोना : ठेवा की. जा अनवाणी, म्हणजे...

लुफुआ : न्सोना! माझ्या दारातून कोणी अनवाणी गेलेलं नाही. राहू द्या पायात, साहेब. सोमवारी शिक्का मारलेला कागद आणा, तेव्हा बूटही आणा. दरीकडनं जाऊ नका, चिखल आहे.

मुसुंदा : बरं, मामा.

लुफुआ : आणि जपून चाला. अजून विमा उतरलेला नाही.