टाकीच्या तोंडचा डबा

सन्माननीय अध्यक्ष एलादियोसाहेब, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, आपल्या सहकारी पंपाचे सभासद बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या निकानोराबाई,

पंपाचा व्यवस्थापक म्हणून दोन शब्द बोलायचे आहेत. टँकरची नळी काढताना पेट्रोल सांडतं. ते मातीत मुरू नये म्हणून जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाभोवती एक डबा पुरलेला असतो. तो कोरडा ठेवायचा, तडा गेलाय का बघायचं, हे बाईंचं काम. यात सत्कार करण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल?

जुन्या मालकाच्या काळात हाच डबा तडकला. कुणी वाकून पाहिलं नाही. पेट्रोल मुरत मुरत पलीकडच्या विहिरीत उतरलं. तिथं बाईंची धाकटी बहीण इलुमिनादा राहायची. एका सकाळी तिनं कपडे उकळायला विहिरीजवळ चूल पेटवली. पाद्रीबाबा, पुढचं आपण जाणता. तिला मूठमाती आपणच दिलीत.

पंप सहकारी झाला आणि बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तो डबा मी सांभाळते."

"बाई, दुसरं काहीतरी काम देतो."

"दुसरं नको."

गेल्या सान ब्लासच्या उत्सवाआधी आसुनसिओनहून टँकर आला. बाईंनी तपासणीसाठी डब्यात पाणी भरलं होतं, आणि ते खाली उतरत चाललं होतं. "ओतायचं नाही," त्या म्हणाल्या. ड्रायव्हर फुल्हेन्सियो हसला, "काय मावशी, डब्यात रस्सा शिजवताय का?" बाई झाकणावरच बसल्या. टँकर परत गेला. ऐन उत्सवात गाड्या उभ्या राहिल्या, गावानं आम्हाला शिव्या घातल्या. त्यातले काही जण इथंच चिपाचे पाव खात बसलेत, असो. डबा उपसून काढला, तर बुडाला तडा.

"वासावरून शंका आली का?" मी विचारलं.

"इलुमिनादाच्या घरात आम्हाला कुणाला वास येत होता? रोजचाच झाला होता. नाकाचा काय भरवसा? ती येऊन शेजारी उभी राहते, म्हणून मी परत परत बघते."

"कधी येते?"

"टँकर आला की."

आता बाई मुलाकडे एन्कार्नासियोनला चालल्या. परवा मी म्हटलं, "आता तरी सुटाल यातून."

"मी सुटेन. ती इथंच राहील. तिला एकटं टाकू नका."

काल बाईंशिवायचा पहिला टँकर आला. डबा बघायला मी स्वतः वाकलो. उठताना ध्यानात आलं, की शेजारी एका माणसापुरती जागा सोडून बसलो होतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. दुखऱ्या जागी बोट लागलं असेल तर बाईंनी आणि आपण सर्वांनी उदार मनानं पोटात घालावं.