तानबाचं जू

त्याले काय चारत होती, हे इचाराले आला तू वर्ध्याहून? चून न् भाकर! तुह्या घरी काय करतेत? सारे येतेत, मोबाईल तोंडासमोर धरतेत—आजी, तुमच्या तानबा पैलवानाचा खुराक सांगा. बायकोले दुसरं काय इचारतेत? बस, आला तं आइक. पारावर काय सांगतलं तुले? वावरातून येता येता एक बैल नाल्यात बसला, तं तानबानं सोता जुवाले खांदा देल्ला न् कापसाची भरली गाडी गावात आनली—हेच ना? म्हनून थे जू मारुतीच्या देवळात टांगलं. दर पोळ्याले गडीमानसं खांद्याले लावतेत. बाईनं हात लावाचा नाई—काऊन? बाईचा हात लागला तं ताकद उतरते म्हने! आज पोळ्याले माह्या नातीनं, आचलनं, हात लावला. किशोरनं, सोताच्या बापानं, चारचौघांत थोबाडीत मारली तिच्या. बारावीतली पोरगी! आन् म्हातारा, माहा तानबा, फेटा बांधून खुर्चीवर. पाहत राह्यला. हू नाई की चू नाई!

मंग मीच बोलते. त्या दिवशी तानबा कुठी होता, मालूम हाये? गाडीवर! मोहाची ढोसून कापसावर आडवा! आभाळ भरून आलतं, बैल उठेच ना—खांदा कोनं देल्ला? एकीकडे पवळ्या बैल, एकीकडे मी. शिवेजवळ मानसं दिसली तं ह्यो खाली उतरला न् म्हने, सरक, माही इज्जत जाईन. सरकली मी. नवरा होता—सरकली.

हसून राह्यला काय? बाईत येवढी ताकद कुठून आली म्हंतं? मले काय मालूम कुठून आली—सातवा लागला होता मले, तरी आली. तिसऱ्या दिवशी पोट खाली झालं. पोरगी होती. नाकीडोळी... जाऊ दे. आन् बाया काय म्हने? नवरा वाघ, न् बायकोच्या अंगात लेकरू धरून ठेवाची ताकद नाई! माह्यासमोर म्हने. ह्यो बाजेवर बसून आइकत होता. तवाबी बोलला नाई.

हे नोतं सांगाचं मले. किशोरलेबी मालूम नाई. बंद कर थे मोबाईल—नाई, राहू दे. चालू राहू दे. किशोरले आइकव, साऱ्या गावाले आइकव.

ऊठ आता, दरवाजा सोड. खुराक म्हाताऱ्याले इचार, पारावरच बसला हाये. मी जू उतरवाले चालली. —आचल! डोळे पूस. चाल माह्यासंगं, एक बाजू तू धर.