उठायचं न्हाई

हॅलो?… हॅलो, कोन?… आक्का, तुमी व्हय! थांबा, ऐकू येईना. पातेल्याखालचा गॅस बारीक करते… हां, बोला. झालं का? आत बोलावलं का तुमच्या भावाला?

झालं? कधी?… आन किती टक्के लिहिले?

ते ऱ्हाऊ द्या, आधी टक्के सांगा… अवो आक्का, ऐका ना! बरं, एवढंच सांगा, उठले का ते?… न्हाई उठले? डॉक्टर आत आले तरी?… बसूनच ऱ्हायले?… सुटले बाई. सुटले.

व्हय, मीच सांगितलं हुतं. मीच शिकवलं.

लाज? मला लाज?… तुमी मागच्या खेपेला न्हवता ना. नगरात ऱ्हाता, पन त्या दिशी तुमच्याकडं पाव्हनं हुतं. मी हुते तिथं. ऐका तरी मंग. न्हाई, आज ऐकाच.

पहाटं पाचला तयार होऊन बसले हुते. दाढी घोटलेली, इस्तरीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. म्हनलं, अवो, लग्नाला चाललात का? तर म्हनले, मोठ्या मानसांम्होरं जायचं, जरा बरं दिसाया नको?… हां, तुमाला हसू येतंय. मला न्हाई येत.

काष्टीतनं दोन एसट्या बदलून गेलो. आत दोन डॉक्टर बसलेले. एक बाई डॉक्टर लिहीत हुती. पाय बघितला, ट्रॅक्टरची ट्रॉली वरनं गेलेली ती मांडी बघितली, आतली सळई फोटूत बघितली. सगळं नीट चाललं हुतं. मंग बाईनं विचारलं, बाबा, कसं काय, तरास किती हुतो? आन तुमचा भाऊ काय म्हनला आसंल?… सांगा की… ‘बरं हाय बाईसायेब, तुमच्या आशीर्वादानं झ्याक.’

झ्याक! ज्या मानसाला रातच्याला कूस बदलाया बायकू लागती, ते मानूस झ्याक!

तेबी चाललं असतं, आक्का. मागनं मोठे डॉक्टर आले. पिकल्या केसाचे. आन हे उठले… व्हय, उठले! कुबडी भिताडाला, टेबलाला बोट न लावता, ताठ. दोनी हात जोडून, ‘रामराम सायेब.’ बाईनं लगीच खाली मान घालून लिहिलं, आधाराबिगर उभे ऱ्हातात. अपंग म्हनून अडतीस टक्के. दाखल्याला चाळीस लागत्यात.

व्हय, वळन. तुमच्या आईनं लावलेलं. मोठं मानूस दारात आलं की बसून ऱ्हायचं न्हाई, जेवत्या ताटावरनं उठवायची ती पोरांना. मला का ठाव न्हाई? मलाबी उठवलंय तिनं, नववा महिना असताना. त्या वळनानं दोन टक्के खाल्ले, आक्का. दोन टक्क्यापायी निराधारचा पगार गेला, एसटीचा पास गेला, वरीस गेलं.

आन घरी आल्यावर? दोन दीस अंथरुनात. कमरंपस्तर सूज. ते कुनी लिहिलं का कागदावर?

खोटं? खोटं काय शिकवलं मी? त्यांना उभं ऱ्हाता येत न्हाई, हेच खरं हाय. ते उभे ऱ्हायले ना, तेच खोटं हुतं!

…हो मॅडम, झालंच. मटकी शिजली, भात उतरवायचाय फकस्त. न्हाई न्हाई, घरचाच फोन हाय, ठिवतेच… हां, बोला आक्का. हळू बोला, शाळा हाय.

मी का न्हाई आले? आले असते की. मागच्या येळंला एक खाडा झाला, तर दुसऱ्या दिशी माझ्या जागंवर सविता उभी. माझीच चुलत जाऊ. माझी पळी तिच्या हातात, आन पोरांना वाढतीय हसून हसून. आजून एक खाडा केला तर पळी तिच्याच हातात ऱ्हायली असती. अर्ध्या दिसाचं काम हाय, पन घरात तेवढंच हाय. तहसीलातली बाई मला म्हनती, तू कमावतीस की! म्हनलं, बाई, अर्धा दीस कमावते, अर्धा दीस नवऱ्याला उठवते-बसवते. ह्या दुसऱ्या अर्ध्याचं काय देता ते सांगा.

म्हनून तुमाला सांगितलं, स्टँडवरनं त्यांना घिऊन जा. एवढंच. न्हाई, उपकार झाले, म्हनते ना. चार जागी सांगनार तुमी, ठाव हाय मला.

शिकवलं म्हंजी?… आठ दीस शिकवलं. रोज दिवेलागनीला. मी भाईर जायची आन ‘डॉक्टर आले’ म्हनून आत यायची. हे उठायचे! म्हनलं, अवो, बायकू हाय मी तुमची. तर म्हनायचे, ‘तू डॉक्टर म्हनून आलीस ना?’… हसा. मीबी हसले पैल्या दिशी. पाचव्या दिशी रडले. मंग गळ्याची शपथ घातली.

व्हय, घातली. उठलात तर माझं मेलेलं तोंड बघाल म्हनले… अशुभ तर अशुभ. अडतीस टक्के शुभ हुते का?

आता तरी सांगा, आक्का. किती लिहिले?

…किती?

बेचाळीस? परत म्हना. बेचाळीस!… कार्ड घरी यील म्हनले? आक्का, तुमच्या तोंडात साखर पडो! समदं माफ तुमाला!

मंग रडताय कशापायी?… काय? उठंनात?… कुठं?… चाकाच्या खुर्चीत? अवो, ती दवाखान्याची, शिपाई मागनारच की… तासभर झाला? तुमी हात धरून बघा ना… झटकला? तुमचा?

द्या. द्या त्यांच्याकडं.

…हॅलो. मी हाय… व्हय, कळलं. बेचाळीस. लई चांगलं झालं बगा… भाकर खाल्ली का? फडक्यात शेंगदान्याची चटनीबी हाय… भूक न्हाई? बरं, एसटीत खावा. आता उठा, ती खुर्ची द्या त्यांची.

शपथ?… अवो, सुटली शपथ! काम झालं, सुटली. तीनदा म्हनू? सुटली, सुटली, सुटली. उठा.

…

आता काय झालं?… कोन, मोठे डॉक्टर? तेच, पिकल्या केसाचे?… जाताना?… तुमाला? हात जोडले त्यांनी, तुमाला?

आन तुमी बसून.

…हूं… हूं… अवो, त्यांना कुठं राग आला आसंल? दिसाला शंभर मानसं बघत्यात ते… म्हातारं मानूस हाय, व्हय… तुमच्या वडलांएवढं… ऐकतीय मी, बोला.

मी काय करू मंग? तुमीच सांगा, मी काय करायला पायजे हुतं? तुमाला घरात झ्याक ठिऊन, लोकाच्या बांधावर खुरपं घिऊन मरू?… न्हाई वो, तुमच्यावर न्हाई वरडत. कुनावर वरडू तेच कळंना.

काय?… गावात? गावात कशाला, गावात उठा की खुशाल! तिथं कोन लिहितंय…

…ये की, सविता. काय पायजे?… मीठ? त्या निळ्या डब्यात बघ… न्हाई, नगरला गेलेत हे. दवाखान्यात… अगं, काय न्हाई, पाय दुखतोय, दाखवाया गेलेत… हो, चालत्यात ना. चालत्यात कुठं, खुरडत्यात. पारापस्तर जाताना बघितलंस, पन येताना किती येळा बसत्यात ते बघितलंस का?… बरं. मीठ घेतलंस ना? ये मंग.

…हॅलो. हाय का?… गेली. दारातच उभी ऱ्हायली हुती, कान लावून.

ऐका. गावातबी नका उठू.

…व्हय, पारावरबी न्हाई. सरपंच येऊ द्या, कीर्तनवाले महाराज येऊ द्या… हो, तुमचे सख्खे कानिफनाथ मामा आले तरी. बसूनच रामराम घाला. रंगुबाईच्या दिराचं माहीत हाय ना? ‘हा तर चालतो’ म्हनून कुनीतरी अर्ज दिला, झाला पगार बंद. कुनी दिला ते आजून कळलं न्हाई त्याला. रोज त्याच मानसांसंगं च्या पितोय.

किती दीस म्हंजी… पाच वर्सं. पाच वर्सांनी परत बोलावत्यात म्हने.



घरी? घरी उठा की! घर आपलं हाय… मी भांडी घासून दोनला येते, तुमी सांजच्या एसटीनं या. आल्यावर दार लावून घेते. वरची कडीबी घालते. मंग उठा.

…कुनासाठी उठू म्हंजी? दार लावल्यावर कोन येनार? कुनीच न्हाई. मीच.

माझ्यासाठी उठा. शपथ घालंपस्तर रोज उठतच हुता की… सुजला तर सुजू द्या, शेकून दीन मी.

घंटा झाली, पोरं ताटं घिऊन आली. ठिवते… आन हे बगा, आक्काला म्हनावं, खुर्ची ढकलत गेटापस्तर न्या, तिथं लोकं बघत्यात. रिक्षात बसताना धरा म्हनावं, तुमी आन रिक्षावाला, दोघांनी.

ठिवते.