कांदाचाळीतली मिसळ

एक सवाल आहे, मंडळी! दान एकानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं — तर ते झालं कुणाचं? घेणाऱ्याचं? थांबा, माना डोलावू नका! आधी ऐका!

खडकवण गावात त्र्यंबक शेवाळे नावाचा गडी. कांदा पिकवावा तर त्यानंच! पण व्हायचं काय — वैशाखात साऱ्या गावाचा कांदा एकदम निघायचा, एकदम बाजारात जायचा. मग भाव कसला? मातीमोल! आणि भाद्रपदात? कांदा औषधाला मिळेना! शहरातली माउली कांदा चिरायच्या आधीच रडायची — भाव ऐकून!

सरकार म्हणालं, "कांदाचाळ बांधा, निम्मा खर्च आमचा. माल टिकवा, थोडा थोडा विका." त्र्यंबकनं बांधली. काय चाळ! लाकडी पट्ट्या, खालून वारा, बाजूनं वारा! साहेब आले, फोटो झाला, अनुदान जमा!

अन् मग ह्याच्या डोक्यात किडा वळवळला. एवढी हवेशीर जागा, तीही रस्त्याला लागून — हवा कांद्याला कशाला? गिऱ्हाइकाला देऊ की! टाकलं मिसळीचं हॉटेल!

बायको यमुना म्हणाली, "अहो, चाळ कांद्यासाठी दिलीय ना?"

"मग मिसळीवर काय घालतात? कांदाच ना!"

वकील व्हायचा, चुकून शेतकरी झाला!

वैशाखात त्यानं कांदा पडेल त्या भावानं फुंकून टाकला. यमुना भांडली नाही. चार पोती मागून घेतली नि माहेरी आईच्या चाळीत धाडली.

भाद्रपद आला — कांदा कडाडला! मिसळीवर कांदा कमी झाला, मग कोबी आला! गिऱ्हाईक ओरडलं, "शेवाळे, कांद्याच्या चाळीत बसून कोबी खायचा?" बाकडी ओस पडली. त्र्यंबकच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी सांगितलं, "शेजारच्या गावात गिरजाबाईंकडे आहे कांदा." गिरजाबाई कोण? अहो — ह्याच्या सासूबाई!

गेला बिचारा. कांदा हातात घेतला. "मामी, हा तर आमच्या रानातला वाटतो!"

"तुमचाच आहे, जावईबापू. लेकीनं ठेवायला दिलाय. पैसे मोजा नि न्या."

"मग माझाच कांदा मला विकत?"

"नातं घरात, भाव बाजारात!" म्हातारी हसली. मग हळूच म्हणाली, "मी माझा कांदा रोज थोडा थोडा तालुक्याला धाडते. मला भाव मिळतो, घेणाऱ्यालाही परवडतो. साऱ्यांच्या चाळी भरलेल्या असत्या, तर एवढी महागाई भडकली नसती. सरकारनं तुमच्या चाळीला दिलेल्या पैशात, धुणीभांडी करणारी बाई काडीपेटीवर भरते तो करही आहे, बापू. तिलाच कांदा मिळेना!"

त्र्यंबक ओशाळला. घरी आला, बाकडी उचलली, लिंबाखाली मांडली. पुढच्या वैशाखात चाळ गच्च भरली. त्याचं बघून शेजाऱ्यानं आपल्या चाळीतली मोटारसायकल बाहेर काढली! त्या भाद्रपदात तालुक्याच्या बाजारात बायका पिशवीभर कांदा घेऊन हसत निघाल्या, अन् त्र्यंबकच्याही गाठीला चार पैसे लागले. मिसळही चालली — वर कांदा अस्सा भरपूर!

तर मंडळी, अनुदान म्हणजे विरजण! चमचाभर मिळतं. दुधाला लावलं तर घरदार दही खातं, वाटेत चाटलं तर फक्त जीभ आंबट! आता मला नका सांगू — आपापल्या घरी जा, बघा, कुणाचा चमचा चाटून बसलाय ते!

काय हो, पुढच्या रांगेतले — हसता काय? तुमच्या अनुदानाच्या शेततळ्यात पाणी आहे, की क्रिकेटचं मैदान?