आबा कोण लागतात

वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय पाहून मी बाहेर कोपरगावच्या बसची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक बाप आणि त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती.

“पप्पा, आबा आपले कोण लागतात?”

“असं काय विचारतेस, जयू? माझे वडील आहेत ते.”

“मग आत ऑफिसच्या साहेबांनी ‘हे कोण?’ विचारलं तेव्हा ‘गावाकडचे आहेत’ असं का सांगितलं?”

“साहेब मुलीला घेऊन अचानक समोर आले गं. आणि आबा सदरा काढून तुम्हा पोरांना दाखवत होते, बॉयलरमध्ये कोळसा कसा टाकायचे ते.”

“पाठीवरचे भाजल्याचे डागपण दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.”

“ऑफिसात मी सांगितलंय, वडील साखर कारखान्यात इंजिनिअर होते म्हणून.”

“मी साहेबांच्या मुलीला खरं सांगितलं.”

“काय म्हणाली ती?”

“म्हणाली, मग तुझे पप्पा खोटं का बोलले?”

बापानं मागे वळून संग्रहालयाच्या फाटकाकडे पाहिलं.

“आबांनी ऐकलं असेल का गं?”

“ते शेजारीच उभे होते, पप्पा.”

तेवढ्यात फाटकातून आबा आले. सदऱ्याची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

“आबा, कुठं होतात इतका वेळ? आपली एक बस गेली.”

“आतच हुतो. म्हनलं, तुज्या सायबाची गाडी जाऊ द्यावी, मग यावं.”

“आबा, इथं बसा. माझ्याजवळ.”

“बसतो की. पर आजून कुनी वळखीचं येनार न्हाई ना, तेवढं बघ.”